मार्को बेनेव्हेंटोचा डावा हात : तिघांच्या मैफलीत ऐकलेला पियानो

मिरजेची_पेटी

परवा पेटीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की लहानपणापासून पेटी वाजवणारा माणूस अमेरिकेत जाऊन जॅम बँडच्या मागे कसा काय लागला. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. उत्तर चार शब्दांत देता येईल: मार्को बेनेव्हेंटोचा डावा हात. (हा अमेरिकन पियानोवादक.) पण तेवढ्याने ना तुमचं समाधान व्हायचं, ना माझं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. जॅम बँड म्हणजे रेकॉर्डवर गाणं जिथे संपतं, तिथून पुढे मंचावर ते वाढवत नेणारी मंडळी. ग्रेटफुल डेड हे त्यांचं मूळ घराणं, १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेलं. फिश ही पुढची पिढी, व्हरमाँटची, १९८३ पासूनची. रोज गाण्यांचा क्रम वेगळा, रोज बढत वेगळी. त्यामुळे एकाच बँडला लागोपाठ तीन रात्री ऐकायला जाणारे लोक इथे सर्रास भेटतात. डेडने श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करायची मोकळीक दिली होती आणि १९८४ पासून माईक-टेप घेऊन येणाऱ्यांसाठी जागासुद्धा राखून ठेवली. आपल्याकडे जुन्या खाजगी बैठकींच्या टेपा जशा हातोहात फिरल्या, तशाच इथे यांच्या फिरल्या.

बेनेव्हेंटो न्यू जर्सीचा, बॉस्टनच्या बर्कली या संगीताच्या कॉलेजात शिकलेला. या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या निटिंग फॅक्टरी क्लबात तो आणि ड्रमर जो रूसो दर आठवड्याला वाजवायचे. दोघंच! बास गिटार नाही, गिटार नाही, गायक नाही. बासचं सगळं काम बेनेव्हेंटोच्या डाव्या हाताकडे आणि वरचा संसार उजव्याकडे. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते मात्र पाच जणांत. २०१३ च्या जानेवारीत ब्रुकलिन बोलमध्ये रूसोने डेडची गाणी वाजवायला पाच जण जमवले आणि तो बँड पुढे जो रूसोज ऑलमोस्ट डेड या नावाने चालू राहिला. ऑफिसातला एक मित्र मला पोर्ट चेस्टरच्या कॅपिटल थिएटरला त्यांना ऐकायला घेऊन गेला. थिएटर १९२६ सालचं, छताकडे बघत राहावं असं. दोन गिटार, बास, ड्रम आणि एका बाजूला हा. त्या रात्री मी भारावून घरी आलो, पण मला आवडला तो एकूण आवाज. कळशीभर पाण्यात साखर विरघळावी तसा त्याचा पियानो त्यात विरघळलेला होता. गोडी लागत होती, दिसत काही नव्हतं.

नंतर २०१९ च्या शेवटी, 'लेट इट स्लाइड' हा त्याचा अल्बम आला होता त्या दिवसांत, हडसन नदीकाठच्या एका लहान गावात तो स्वतःचं त्रिकूट घेऊन आला. बासवर कॅरिना राइकमन, ड्रमवर डेव्ह बटलर. मी जरा उशिरा पोचलो. खाली उभं राहायला जागा नव्हती, म्हणून माडीवर गेलो आणि डाव्या टोकाचा कठडा धरला. तिथून खाली पाहिलं तर पियानो बरोबर माझ्या पायाखाली. भिंतीला लावून ठेवतात तसा उभा पियानो, वरचं झाकण उघडं आणि आतून केबली बाहेर आलेल्या. तो तारांपाशी गिटारचे पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारी चुंबकं, लावतो आणि पियानोचा आवाज गिटारवाल्यांच्या आवाज बदलणाऱ्या पेडलांतून नेतो. त्यामुळे तोच पियानो एकदा दिवाणखान्यातला वाटतो आणि पाय पडला की करवतीसारखा खरखरत उठतो.

पण मी बघत होतो ते आतले हातोडे. पांढऱ्या नमद्याच्या टोप्या घातलेली लाकडी हातोड्यांची रांग वरून दिसत होती. उजवीकडच्या भरभर उठत-बसत होत्या, जात्यातून पीठ उडावं तशा. डावीकडचे पाच-सहाच हातोडे हलत होते. तेच पाच-सहा, त्याच क्रमाने, किती तरी वेळ. मी आधी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. उजवा हात सुरावट मोडत होता, परत जोडत होता, मध्येच सोडून वरच्या पेडलाचं बटण फिरवायला जात होता, आणि डावा हात जागचा हलत नव्हता. बास थांबला तेव्हाही नाही. एका जागी राइकमनने वाजवणं थांबवलं आणि ती नुसती मान हलवत उभी राहिली. तेवढ्या वेळात इतर बँडमध्ये पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं होतं. इथे काहीच झालं नाही. डाव्या हाताने फरशी धरून ठेवली होती.

आता पेटीवाले हो, तुम्हाला सांगायला नको. आपला डावा हात म्हणजे भाता. मी नऊ वर्षांचा असताना मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ मास्तरांकडे शिकायला जायचो. पहिले दोन महिने त्यांनी फक्त भाता मारायला लावला, एकच सूर धरून. सूर हलला की तर्जनीने माझ्या मनगटावर टकटक करायचे. डाव्या हाताने वारा द्यायचा आणि गायचं उजव्याने, ही विभागणी माझ्या अंगात इतकी मुरलेली आहे की डावा हात स्वतः काही बोलू शकतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, कानाने कधी पटलं नव्हतं. त्या रात्री पटलं.

पाच जणांत ते ऐकू आलं नव्हतं, कारण तिथे खालची जागा बासने आणि दोन गिटारांनी भरलेली असते. तिथे समंजस वादक डावा हात आवरतो, आणि तो आवरतोही. तिघांत त्याला आवरायचं कारण नाही. आणि बास सोबतीला असल्यामुळे, रूसोसोबत दोघंच वाजवायचे त्या काळातली सक्तीही नाही. त्या सक्तीत तयार झालेला हात आता मोकळा आहे. म्हणून मला वाटतं, त्याला ऐकायचं तर त्रिकुटातच ऐकावं.

शेवटी शेवटी खाली सगळे नाचत होते आणि मी माडीवर एकटाच खाली बघत उभा. दोन्ही सेट तिथून हललो नाही.

---

तबलजी_नाशिक

वाचताना अंगावर काटा आला. तुम्ही लिहिलंत डावा हात, आणि मी आपोआप डग्गा, म्हणजे आमचा डाव्या हाताचा तबला, ऐकायला लागलो. आम्हालाही तेच शिकवतात: चाट, लव (तबल्याची कड आणि तिच्या आतला भाग) सगळं उजव्याचं वैभव, पण ठेक्याला वजन येतं ते डाव्याच्या घुमाऱ्याने. डाव्याचा घिस्सा चुकला की कितीही तयारी असो, बैठक बसत नाही.

एक शंका. आपल्याकडे वादक कुठेही गेला तरी समेवर यायचं हे ठरलेलं. यांच्याकडे असं काही असतं का? वीस मिनिटं बढत केल्यावर तिघं एकत्र कसे उतरतात?

मिरजेची_पेटी

@तबलजी_नाशिक, आवर्तन असतं, पण आपल्यासारखा ताल शेवटपर्यंत बांधलेला नसतो. बहुतेक वेळा चारचा हिशेब, आणि चार-चारांचे गठ्ठे: आठ, सोळा, बत्तीस. मधल्या बढतीत तो हिशेबही सैल होतो. परत येण्याची खूण कुणीतरी देतं. कधी मूळ सुरावटीचा एखादा तुकडा हळूच वाजवून, कधी नुसतं बघून. त्या दिवशी बटलरचे डोळे सतत बेनेव्हेंटोच्या खांद्यांवर होते. खांदे वर गेले की हा झांजेवर जायचा. तुम्ही गवयाच्या श्वासाकडे बघता ना, तसंच.

---

पायपेटी

लेख आवडला. फक्त एका वाक्यावर थांबले. 'आपला डावा हात म्हणजे भाता' हे हातपेटीचं खरं, पण आपल्याच संगीत रंगभूमीवर डावा हात मोकळा झालेला होता. माझ्या टोपणनावात आहे तीच गोष्ट: पायपेटी. पायाने भाता मारायचा, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर. नंतर ऑर्गन आला तोही पायानेच चालणारा. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीची साथ आठवा. तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांमध्ये गाण्याच्या खाली जो भरीव, रुंद सूर सतत वाहतो ना, तो ऑर्गनचा. डाव्या हाताने खालच्या सप्तकात आधार धरायचा आणि उजव्याने नटाच्या मागोमाग जायचं.

माझे सासरे हौशी नाटक मंडळींत ऑर्गन वाजवायचे. आमच्या माजघरात तो ऑर्गन अजून आहे. दोन पट्ट्या बोलत नाहीत, पायट्याचा पट्टा बदलून घेतलाय. ते वाजवताना पाय इतके संथ चालत की वरून बघणाऱ्याला कळूही नये. साथ करताना डाव्या हाताचा अंगठा खर्जावर टेकलेला असायचा, तो नाटक संपेपर्यंत निघत नसे असं सासूबाई सांगतात.

तेव्हा मिरजेची_पेटी, तुम्हाला जे हडसनच्या काठी पटलं त्याचं एक दार कृष्णेच्या काठीही होतं. फरक एवढाच, आमच्या ऑर्गनचा डावा हात आधार धरून बसे. तुमच्या माणसाचा डावा हात चालतो, लय बांधतो. तो भाग मला नवा आहे आणि ऐकायची फार इच्छा झाली आहे.

मिरजेची_पेटी

पायपेटीताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी बालगंधर्वांची पदं शेकडो वेळा ऐकली असतील, दर वेळी कान गाण्यावर आणि सारंगीवर. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून 'खर्जावर टेकलेला अंगठा' शोधत पुन्हा ऐकलं. सापडला. सासऱ्यांच्या ऑर्गनचा फोटो टाकता येईल का?

---

श्रीरंग_७८

+१. ऑर्गनच्या फोटोसाठी मीही थांबलोय.

---

बॉस्टनची_मधुरा

धागा फार आवडला, पण माझं पहिलं प्रेम कीबोर्डवादक जॉन मेडेस्की. 'तिघांतच ऐकावं' म्हणताय तर मेडेस्की, मार्टिन अँड वुडचं नाव इथे यायलाच हवं. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं त्रिकूट. मेडेस्की आणि बासवाला ख्रिस वुड दोघंही आमच्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेले. ड्रमर बिली मार्टिन न्यूयॉर्कचा. सुरुवातीला मेडेस्की पियानोच वाजवायचा. पण गाडी घेऊन गावोगाव फिरायला लागल्यावर प्रत्येक क्लबात पियानो कुठून मिळणार? मग हॅमंड ऑर्गन आणि वुर्लित्झर हा इलेक्ट्रिक पियानो आले आणि त्या त्रिकुटाचा आवाजच बदलला. म्हणजे जो आवाज आज त्यांची ओळख आहे तो प्रवासाच्या अडचणीतून आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फिशचे श्रोते त्यांच्याकडे वळले आणि जाझ वाजवणाऱ्या तिघांसमोर रॉकची पोरं नाचायला लागली.

हॅमंड ऑर्गनबद्दल पायपेटीताईंसाठी दोन ओळी. हा भात्याचा नाही. आत ९१ दातेरी चकत्या विजेच्या मोटरवर फिरतात आणि प्रत्येकीशेजारी चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. दात जवळून गेले की स्वर उमटतो. पट्ट्यांच्या दोन ओळी, प्रत्येकी ६१, आणि पायाखाली २५ लाकडी पट्ट्या. जाझमधल्या जुन्या ऑर्गन त्रिकुटांत बासवाला नसायचाच. ऑर्गन, गिटार, ड्रम. खालचा सूर ऑर्गनवाल्याचा डावा हात नि पाय सांभाळायचे. जिमी स्मिथने १९५० च्या दशकात ही रीत गाजवली. आजच्या काळात सोलाइव्ह या त्रिकुटाचा नील इव्हान्स ऐका, डाव्या हाताने इतका दणकट बास वाजवतो की मी पहिल्यांदा मंचावर चौथा माणूस शोधत होते.

एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. बेनेव्हेंटोच्या त्रिकुटात पुढारी तो आहे. नाव त्याचं, गाणी त्याची, ड्रमर त्याच्या खांद्यांकडे बघतो असं तुम्हीच लिहिलंय. मेडेस्कीच्या त्रिकुटात पुढारी नाही. मी ऐकलं त्या रात्री मेडेस्कीने किती तरी वेळ हात मांडीवर ठेवले होते आणि मार्टिन एकटा घुंगरं आणि लाकडी ठोकळे वाजवत होता. मेडेस्की त्याच्याकडे बघत नुसता बसला होता, श्रोत्यासारखा. मला त्रिकुटात हेच हवं असतं.

मिरजेची_पेटी

मधुरा, मान्य आहे. ही दोन वेगळी सुखं आहेत. मला गवयाभोवती बसलेली बैठक आवडते, तुम्हाला जुगलबंदी. मेडेस्कीला मी प्रत्यक्ष ऐकलेलं नाही, आणि ती उणीव आता जास्तच टोचायला लागली आहे. त्याचा २०१३ चा एकट्या पियानोचा 'अ डिफरंट टाइम' मात्र पाठ आहे. तो जुन्या फ्रेंच गाव्हो पियानोवर वाजवलेला आहे. आवाज इतका जवळचा की पट्टी खाली जाताना लाकूड ऐकू येतं.

---

साउंडवाला_पुणे

मी गणेशोत्सवातले आणि संगीत महोत्सवातले कार्यक्रम साउंडसाठी करतो, म्हणून पिकअपच्या भागाबद्दल लिहितो. पियानोला साधा माईक लावला आणि शेजारी ड्रम असले की माईकमध्ये निम्मी झांजच येते. पियानो वाढवायला जावं तर झांज वाढते, आणखी वाढवला तर शिट्टी बसते. म्हणून बँडमध्ये खरा पियानो कायम मागे राहतो. गिटारचा पिकअप चुंबकीय असतो. त्याला हवेतला आवाज जवळपास कळत नाही, फक्त शेजारी हलणारी पोलादाची तार कळते. पियानोच्या तारा पोलादी, खालच्या तारांवर तांब्याचं वेटोळं असलं तरी गाभा पोलादाचाच. त्यामुळे पियानो गिटारइतका मोठा करता येतो. तुम्हाला तो डावा हात माडीवर इतका स्वच्छ ऐकू आला त्यात याचा मोठा वाटा असणार.

आता तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो: पेटीला हे चालत नाही. मी एका कार्यक्रमात वैतागून करून पाहिलं होतं. पेटीचे स्वर पितळेचे, चुंबकाला त्यांचा पत्ताच लागत नाही. पेटीला माईकच, तोही तबल्याकडे पाठ करून.

तबलजी_नाशिक

@साउंडवाला_पुणे, पाठ करून ठेवा, पण डग्ग्याकडे नको ठेवू पाठ. :)

---

ओवी_ठाणे

मी यातलं काहीही ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? पियानो आवडतो, गोंगाट फार आवडत नाही.

मिरजेची_पेटी

ओवी, गोंगाट नको असेल तर 'इन्व्हिजिबल बेबी' (२००८) पासून सुरुवात करा. त्यात शब्द नाहीत, सुरावटी लक्षात राहणाऱ्या आहेत. बासवर रीड मॅथिस आहे. पुढच्या वर्षीच्या 'मी नॉट मी' मध्ये बरीचशी दुसऱ्यांची गाणी आहेत. लेनर्ड कोहेन, जॉर्ज हॅरिसन यांची नावं ओळखीची असतील तर तिथे पाय लवकर टेकतील. २०१४ च्या 'स्विफ्ट'पासून तो स्वतः गायला लागला. ते नाचायचं संगीत आहे, ते तिसऱ्या टप्प्याला. आणि रूसोसोबतचा दोघांचा 'बेस्ट रीझन टू बाय द सन' (२००५) शेवटी ऐका, कारण तोवर तुमचा कान डाव्या हाताकडे जायला लागलेला असेल आणि तिथे बासवाला नाही हे कळल्यावर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून लावाल.

हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर डावा हात जातोच, उरतो फक्त उजवा.

ओवी_ठाणे

'इन्व्हिजिबल बेबी' लोकलमध्ये दोनदा ऐकला. दुसऱ्या वेळी मुद्दाम फक्त खालचं ऐकत होते. मुलुंड कधी गेलं कळलं नाही. मी कधी कुठलं वाद्य वाजवलेलं नाही, तरी हे ऐकू आलं याचा इतका आनंद झाला की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

पायपेटी

फोटो टाकला आहे. पट्ट्या पिवळ्या पडल्यात, पण डावीकडे खर्जाच्या पट्टीवर बघा, मधोमध खळगा दिसेल. बाकी कुठल्याही पट्टीवर नाही.

मिरजेची_पेटी, एक विचारायचं होतं. इतकं ऐकल्यावर तुम्ही स्वतः डाव्या हाताने काही वाजवता का?

मिरजेची_पेटी

तो खळगा मी फोटो मोठा करून किती वेळ बघत होतो. बायकोलाही दाखवला.

हो, वाजवतो. त्या मैफलीनंतर जुना पियानो घेतला. शेजारच्या गावातलं एक कुटुंब घर बदलत होतं, त्यांच्याकडून. त्यांनी पैसे घेतले नाहीत, आणायचा खर्च मात्र भरपूर झाला. शिकायला कुणाकडे गेलो नाही. पहिले चार महिने फक्त डाव्या हाताचे पाच स्वर, त्या रात्री खाली हलताना पाहिलेल्या हातोड्यांसारखे, एकाच क्रमाने. आमच्या मास्तरांनी एका सुरावर भाता मारायला लावला होता तसंच. झाकण उघडं ठेवूनच वाजवतो, म्हणजे हातोडे दिसतात.

आता उजव्या हाताने भीमपलासाची सुरावट घेतली तरी खालचे पाच स्वर बऱ्यापैकी टिकतात. तान घ्यायला गेलो की मात्र डावा हात पट्ट्यांवरून उचलतो आणि हवेत मागे-पुढे व्हायला लागतो. तेहतीस वर्षं भाता मारलाय त्याने. मग थांबतो, हात परत पट्ट्यांवर ठेवतो आणि पुन्हा त्या पाच स्वरांपासून सुरू करतो.